भरतपूर, कुम्हेर, डीग: सायकलवरून एक दिवस, पाण्याच्या मागावर

उतारावरचा (रविवार, रात्री १०.१५)

मंडळी, राजस्थानातलं भरतपूर झालं एकदाचं. जानेवारीचा मधला आठवडा, मी आणि माझा भाचा, दोन सायकली, आणि ‘एका दिवसात सगळं बसवतो’ हा माझा पोकळ आत्मविश्वास. बेत असा: सकाळी केवलादेव राष्ट्रीय उद्यान, मग गावातला लोहागड किल्ला, तिथून कुम्हेरवरून डीगचे महाल आणि त्याच रस्त्याने परत. कागदावर नव्वदच्या आसपास किलोमीटर. सगळा प्रदेश सपाट, चढ म्हणून नाही. भाचा म्हणाला, “मामा, हे तर सिंहगडापेक्षा सोपं आहे.” त्याचं हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सकाळी फाटकावर पोचलो तेव्हा इतकं धुकं होतं की पुढच्याच्या सायकलचा लाल दिवा दिसायचा, सायकल दिसायची नाही. उद्यानात फिरायला तिथेच भाड्याने सायकली मिळतात. आमच्या सायकली मुक्कामावर ठेवून त्याच घेतल्या. जुन्या दूधवाल्याकडे असायची तशी काळी, वजनदार, दांड्याची सायकल. गिअर नाही, घंटी नाही, ब्रेक आहे पण तो विनंती केल्यासारखा लागतो. खरं सांगू का, तिथे हीच सायकल योग्य. कारण तिच्यावरून वेगात जाताच येत नाही.

आत दोन्ही बाजूंना काहीच दिसत नव्हतं. आवाज मात्र येत होते. डावीकडून बारीक शिट्ट्या, उजवीकडे कुणीतरी पाण्यात थापट्या मारतंय, डोक्यावरून पंखांचा सपासप आवाज गेला आणि परत शांत. आम्ही तशीच सायकल रेटत होतो. नऊच्या सुमाराला सूर्य नाण्याएवढा दिसायला लागला आणि पडदा हळूहळू वर गेला, तेव्हा कळलं की आम्ही मघापासून दोन पाण्यांच्या मधून चाललोय. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पाणी, पाण्यात बाभळी, आणि एकेका बाभळीवर पाच-पन्नास चित्रबलाक. पिवळी लांब चोच, शेपटीशी गुलाबी पिसं, जणू होळी खेळून आलेत आणि अंग नीट धुतलं नाही.

आता मला जे सांगायचंय ते इथे सुरू होतं. मी सायकल स्टँडवर लावली आणि रस्त्याच्या कडेला उतरलो तर तीन-चार फूट खाली पाणी. दुसऱ्या कडेलाही तसंच. मधे एक छोटं दार, लोखंडी चाक फिरवून वरखाली करायचं. म्हणजे ज्याला मी रस्ता समजत होतो तो बांध होता. या अख्ख्या जंगलाचे असे बांध घालून कप्पे केलेत, दारं उघडून एका कप्प्यातलं पाणी दुसऱ्यात सोडतात आणि बांधाच्या माथ्यावरून आपण सायकल चालवतो. इतकी वर्षं ‘पक्ष्यांचा नैसर्गिक स्वर्ग’ असं वाचत आलो होतो. तो स्वर्ग माणसाने खणलेला आहे! मुळात इथे उथळ खोलगट जमीन होती. अठराव्या शतकात महाराजा सूरजमल यांनी गंभीर आणि बाणगंगा नद्यांच्या पाण्यासाठी अजान बांध घातला आणि ही खोलगट जागा दर पावसाळ्यात भरायला लागली. नंतरच्या राजांनी बदकांच्या शिकारीसाठी आत आणखी बांध आणि दारं बसवली.

शिकारीवरून आठवलं. केवलादेव हे महादेवाचं देऊळ, उद्यानाला नाव त्याचंच. (स्थानिक लोक मात्र ‘घना’ म्हणतात. घनदाट या अर्थी.) देवळाजवळ लाल दगडाच्या पाट्या आहेत. दगडावर तक्ता कोरलाय: तारीख, पाहुणे कोण, बंदुका किती, पक्षी किती. भाचा बोट फिरवत वाचत होता. लॉर्ड कर्झन, अमुक प्रिन्स, तमुक सेनापती. मग बोट थांबलं. १२ नोव्हेंबर १९३८, व्हाइसरॉय लिनलिथगो, ४,२७३ पक्षी. एका दिवसात. “मामा, हे मोजले कुणी असतील?” असं तो म्हणाला. मला उत्तर सुचलं नाही. पाटीच्या मागे दोन पाणकावळे पंख पसरून वाळत बसले होते.

पुढचा भाग उद्या टाकतो. लोहागड, कुम्हेर, पंक्चर आणि डीग.

---

पाणकावळा (रविवार, रात्री ११.०२)

वा! पहिला मान माझ्या नावाच्या पक्ष्याला शेवटच्या ओळीत का होईना मिळाला. धन्यवाद.

धुक्यात ज्या बारीक शिट्ट्या ऐकल्यात त्या अडईच्या असणार. थव्याने उडताना शिट्ट्या मारते, म्हणून इंग्रजीतही तिचं नाव शिट्टीवरूनच आहे. पाण्यावर थापट्या म्हणजे बहुतेक वारकरी. काळा पक्षी, कपाळावर पांढरा टिळा. उडायच्या आधी पाण्यावरून धावत सुटतो, तो आवाज. सारस दिसले का? जोडीने ओरडतात तेव्हा नीट ऐका, नराच्या एका हाकेला मादी बहुधा दोनदा उत्तर देते. आमच्या घरचाही अनुभव तोच आहे.

‘खणलेला स्वर्ग’ हे पटलं. जरा पुढचं सांगतो. १९८२ साली राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा आत म्हशी चारायला बंदी घातली गेली. आजूबाजूच्या गावांनी विरोध केला, गोळीबार झाला, माणसं मेली. म्हशी गेल्या, सगळ्यांना वाटलं आता पक्षी वाढतील. झालं उलटंच. पाण्यातलं गवत म्हशी खाऊन आटोक्यात ठेवत होत्या, ते माजलं आणि उघडं पाणी बुजायला लागलं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने तिथे वर्षानुवर्षं अभ्यास केला, पक्षितज्ज्ञ सालिम अली स्वतः म्हशींच्या विरोधात होते असं म्हणतात, पण अभ्यासातून निघालं ते म्हशींच्या बाजूने. माणसाने बनवलेली जागा माणूस आणि गुरं बाहेर काढून चालत नाही, असा तो धडा. फुकटात मिळाला नाही.

---

शंकेखोर (रविवार, रात्री ११.४०)

लेख छान, पण एक प्रश्न. पाणथळ जागेत पहाटेची दोन-अडीच तासांची हजेरी लावून पुढे किल्ला, महाल, पुन्हा परत? हे म्हणजे पंगतीत सगळे पदार्थ चाखायचे म्हणून एकेक घास घेऊन उठण्यातला प्रकार. घन्याला दोन दिवस द्यावेत. सायकल हे सावकाश फिरायचं वाहन आहे असं तुम्हीच म्हणताय आणि मग ९० किलोमीटरचा हिशेब मांडताय.

---

गिअरबदल (सोमवार, सकाळी ७.२०)

सायकली कशा नेल्या ते लिहा आधी. टायर किती रुंदीचे? त्या भागात विलायती बाभूळ आहे, मी अलवरकडे गेलो होतो तेव्हा दिवसाला दोन पंक्चर ठरलेली. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

उतारावरचा (सोमवार, रात्री ९.३०)

शंकेखोर, तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आणि त्याचं उत्तर मी खाली तोंडघशी पडून दिलंय. गिअरबदल, दोन्ही सायकलींची चाकं काढून, फ्रेमला जुन्या चादरी गुंडाळून पिशवीत घातल्या. भरतपूर मुंबई–दिल्ली मुख्य मार्गावर आहे, कोट्याच्या पुढे, त्यामुळे गाडी बदलावी लागत नाही. टायर माझे ३५ मिमीचे, भाच्याचे २५ चे. आता पुढे वाचा आणि हसा.

घन्यातून साडेदहाला बाहेर पडलो. सारस दिसले, लांबून, मोहरीच्या शेताच्या कडेला एक जोडी. अजगर नाही दिसला. थंडीत साळिंदराच्या बिळाबाहेर ऊन खायला येतात म्हणे, आम्ही दोन बिळांसमोर हात जोडून उभे राहिलो, पण स्वारी बाहेर आली नाही.

लोहागड. आपल्या डोळ्यांना सह्याद्रीतल्या किल्ल्यांची सवय. किल्ला म्हटलं की मान वर जाते. इथे मान वर करायला काही नाहीच. गावाच्या मधोमध खंदक, त्यात हिरवं पाणी, पलीकडे तट. त्यात बाहेरचा तट मातीचा. मातीचा म्हणजे खरोखर मातीचा, टेकाडासारखा रुंद. भाचा म्हणाला, हे काय, पावसात वाहून जाईल. आणि याच मातीपुढे १८०५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत इंग्रज सेनापती लॉर्ड लेकने चार वेळा हल्ला केला आणि चारही वेळा हात हलवत परत गेला. दगडाचा तट तोफेच्या गोळ्याने तडकतो. मातीत गोळा रुततो, बस्स. हजारोंनी माणसं गमावली इंग्रजांनी. आणि हे सगळं का, तर भरतपूरच्या राजा रणजितसिंहांनी आत आपल्या यशवंतराव होळकरांना आसरा दिला होता म्हणून.

पण मातीपेक्षा खरा पहारेकरी पाणी होतं. खंदकात पाणी मोती झील या तलावातून सोडायचं. दुसऱ्या हल्ल्याच्या वेळी इंग्रज खंदक ओलांडायला लाकडी पूल घेऊन आले, तर आत पाणी इतकं चढवून ठेवलेलं की पूल आखूड पडला. मग वीस वर्षांनी, १८२५ च्या डिसेंबरात, लॉर्ड कॉम्बरमियर आला तो हे शिकून. त्याने तोफा डागायच्या आधी पहिलं काम काय केलं असेल? झीलचा बांध ताब्यात घेतला. आतल्यांनी तो फोडून खंदकात पाणी सोडायला सुरुवात केली होती, ती फट बुजवली. खंदक पुरता भरलाच नाही. मग खालून भुयारं खणून, दारू ठासून बुरूज उडवला आणि १८ जानेवारी १८२६ ला किल्ला पडला. तेच तट, तीच माती. फरक पाण्याचा.

आम्ही जवाहर बुरुजावर गेलो, वर लोखंडी खांब आहे, त्यावर राजघराण्याची वंशावळ कोरलीय. अष्टधातूचं दार पाहिलं, सूरजमलचा मुलगा जवाहरसिंह याने ते दिल्लीहून आणलं असं सांगतात. संग्रहालय पाहिलं नाही. वेळ नव्हता. (शंकेखोर, ऐकताय ना.)

साडेअकराला डीगच्या रस्त्याला लागलो. आता आपल्या सायकली. दोन्हीकडे मोहरी फुललेली, ऊस नाही की डोंगर नाही, नुसतं पिवळं आणि त्याच्यावर निळं. आणि समोरून वारा. चढ नाही म्हणून खूश होतो ना, तर हा वारा म्हणजे कधीच न संपणारा चढ. घाटात निदान वळणावर दम घ्यायला मिळतो आणि पुढे उतार आहे ही आशा असते. इथे सरळ रस्ता, सरळ वारा, आणि समोरून येणारे ट्रॅक्टर. भाचा दहाव्या किलोमीटरला माझ्या मागे आला, माझ्या पाठीचा आडोसा धरून. सिंहगडाचा विषय निघाला नाही.

कुम्हेरच्या अलीकडे त्याचं मागचं चाक बसलं. कडेला थांबून टायर काढला. आतून बोट फिरवलं तर बोटालाच टोचलं. बाहेरून काहीच दिसत नव्हतं, काटा पार आत मोडलेला. विलायती बाभळीचा काटा सुईसारखा टणक असतो, तो बाहेरून धरता येत नाही. शेवटी नखं कापायच्या कटरने पकडून ओढला. ट्यूब बदलली, हवा भरली, एक किलोमीटर गेलो, परत चाक बसलं. दुसरा काटा. घाईत मी टायर सगळ्या बाजूंनी तपासलाच नव्हता. चूक माझी, शिव्या बाभळीला.

दुसऱ्या वेळी कुम्हेरपर्यंत चालत गेलो. नाक्यावर पंक्चरवाला. फुटकं घमेलं, त्यात काळं पाणी, ट्यूब बुडवून दाबायची, बुडबुडा आला की तिथे आगपेटीच्या काडीने खूण. त्याने एकाला दोन नाही, चार भोकं काढून दाखवली. मी त्याला विचारलं, इथे जवळ होळकरांची छत्री आहे ना? त्याने मान वर न करता विचारलं, “छतरी तो यहां बहुत हैं बाबूजी, कौन सी?” आणि खरंच मला गावाचं नाव धड आठवेना.

आता कुम्हेर का महत्त्वाचं, ते इथल्या बऱ्याच जणांना माहीत असेल. १७५४ साली मराठ्यांनी कुम्हेरला वेढा घातला होता. सूरजमल आत. मार्च महिन्यात मल्हारराव होळकरांचा एकुलता एक मुलगा खंडेराव तिथे तोफगोळ्याने मारला गेला. मी विचारलेली छत्री, म्हणजे समाधीवरचा मंडप, त्याचीच. खंडेराव म्हणजे अहिल्याबाईंचे यजमान. मल्हाररावांनी सुनेला सती जाऊ दिलं नाही. पुढची सगळी अहिल्याबाई, महेश्वरचे घाट, देशभरची देवळं, यातलं सगळं या मातीत एका दुपारी वेगळ्याच वळणाला लागलं. आणि मी तिथे चाकात हवा भरत उभा होतो.

डीगला पोचायला पावणेतीन वाजले. उरलेलं उद्या, हात दुखतायत.

---

मोडी_वाचक (सोमवार, रात्री १०.४५)

दादा, लिखाण आवडलं, पण दोन ठिकाणी अडखळलो.

एक, १८०५ ला यशवंतराव किल्ल्याच्या ‘आत’ नव्हते. त्यांची फौज तटाच्या आश्रयाने बाहेर तळ ठोकून होती. घोडदळ आत कोंडून काय करणार? वेढा घालणाऱ्यांच्या रसदेवर बाहेरून घाले घालणं हेच त्यांचं काम. शेवटी एप्रिल १८०५ मध्ये भरतपूरकरांनी इंग्रजांशी तह केला, वीस लाख रुपये द्यायचं कबूल केलं आणि होळकर तिथून निघाले. म्हणजे किल्ला पडला नाही, पण आसराही टिकला नाही.

दोन, छत्रीच्या गावाचं नाव गांगरसोली.

आणि एक भर. कुम्हेरचा वेढा आठवताना पानिपत विसरू नये. १७६१ च्या जानेवारीत आपले लोक उघडेवाघडे, जखमी, दक्षिणेकडे निघाले तेव्हा याच सूरजमल राजाने त्यांना अन्न, कपडे, औषधपाणी दिलं. सात वर्षांपूर्वी ज्यांनी त्याच्या किल्ल्याला वेढा घातला होता, त्यांना. बाजीराव-मस्तानीचा मुलगा समशेरबहाद्दर पानिपतावर जखमी होऊन इथेच जाटांच्या, म्हणजे सूरजमलच्याच, मुलखात वारला. तुम्ही मोहरीच्या शेतातून जो रस्ता सायकलने तुडवलात, त्याच मुलखातून ती माणसं जानेवारीच्या त्याच थंडीत चालत आली होती.

---

टिपकागद (मंगळवार, दुपारी १.१०)

वाचताना मोडी_वाचक काकांच्या शेवटच्या ओळीला थांबले. शाळेत पानिपत म्हणजे ‘दोन मोत्यें गळालीं’ इथेच संपायचं, वाचलेल्यांचं पुढे काय झालं हे कुणी शिकवलंच नाही.

मला साधा प्रश्न. मुलगी दहा वर्षांची आहे, सायकल चांगली चालवते. फक्त उद्यानात न्यावी का? आत गाड्या असतात का?

---

पाणकावळा (मंगळवार, दुपारी २.३०)

टिपकागद ताई, नक्की न्या. मुख्य रस्ता डांबरी, सपाट, आतल्या भागात बाहेरच्या मोटारगाड्यांना मनाई. सायकल आणि सायकलरिक्षा हीच मुख्य वाहनं. लहान उंचीची सायकल भाड्याने मिळेल याची खात्री नाही, तेवढं आधी विचारून घ्या. रिक्षावाल्यांपैकी अनेक जण पक्ष्यांचे पक्के जाणकार आहेत. एकाला बरोबर घ्या आणि मुलीला रिक्षाच्या मागून सायकल चालवू द्या. माझ्या भाचीला एका रिक्षावाल्याने बाभळीच्या ढोलीत झोपलेलं घुबड दाखवलं, मी शेजारी दुर्बीण घेऊन उभा होतो आणि मला ते सालच वाटत होतं.

सायबेरियन क्रौंच दिसतील का असं मुलीने विचारलं तर खरं सांगा. २००२ नंतर ते भरतपूरला आलेच नाहीत. वाटेत अफगाणिस्तान-पाकिस्तानात शिकार, वाटेवरच्या पाणथळ जागा आटल्या, थवा कमी कमी होत शेवटी एक जोडी उरली, मग तीही नाही.

---

शंकेखोर (मंगळवार, संध्याकाळी ६.०५)

उतारावरचा, ‘पाणी’ हा धागा पकडलात ते चांगलं, पण आज त्या पाण्याचं काय? राजाने बांध घातला, ठीक. नदी आहे का आता? पांचना धरण झाल्यावर गंभीर नदीत खाली येतं किती, ते लिहा की. ‘माणसाने बनवलेला स्वर्ग’ म्हणून कौतुक करताना माणसानेच त्याचा नळ बंद केला तेही सांगायला हवं.

---

उतारावरचा (मंगळवार, रात्री ९.५०)

मोडी_वाचक, दुरुस्ती मान्य, कान पकडले. गांगरसोली आता वहीत लिहून ठेवलंय. त्या दिवशी तेवढं नाव आठवलं असतं तर!

शंकेखोर, बरोबर आहे. आमच्या रिक्षावाल्याने (आम्ही परतताना थोडा वेळ त्याच्याबरोबर चाललो) हेच सांगितलं. वर करौलीकडे पांचना धरण झालं, शेतकऱ्यांना पाणी हवं, आणि २००० नंतरच्या दुष्काळी वर्षांत घन्याच्या वाट्याला फार थोडं यायचं. तळी कोरडी, चित्रबलाक घरटी करेनात. आता गोवर्धन ड्रेनमधून आणि चंबळच्या पाइपलाइनने पाणी आणतात. म्हणजे पूर्वी पूर यायचा, त्याबरोबर मासे, त्यांची अंडी, गाळ सगळं यायचं. पाइपातून येतं ते पाणीच. धरणाखालच्या शेतकऱ्याला ‘तुझ्या गव्हापेक्षा चित्रबलाक महत्त्वाचा’ असं सांगायला मी जाणार नाही, पण हा हिशेब कुणीतरी मांडायला हवा आणि तो मांडला गेला नाही तेव्हा काय झालं ते पाणकावळा यांनी म्हशींच्या प्रतिसादात लिहिलंच आहे.

आता डीग. दमलेल्या माणसाने डीग पाहावं. गोपाल भवनाच्या मागे गोपाल सागर, आणि महालाच्या दोन बाजूंना दोन मंडप, सावन आणि भादों. छपरं अशी की उलट्या होड्या ठेवल्यासारखी. आम्ही पायरीवर बसून पाय पसरले आणि दहा मिनिटं एकमेकांशी बोललो नाही.

मधल्या बागेत कारंज्यांच्या नळ्यांच्या रांगा आहेत. कोरड्या. मेळ्याच्या वेळी सोडतात. पण त्यांची करामत कळली तेव्हा मी परत उठून बसलो. पंप नाही, काही नाही. महालाच्या छतावर मोठा हौद. बैल लावून मोटेने विहिरीचं पाणी वर चढवायचं, हौद भरायचा. हौदाच्या भिंतीला ओळीने भोकं, प्रत्येक भोक कारंज्यांच्या एका गटाला जोडलेलं, भोकात लाकडी बूच. बूच काढलं की खाली तेवढी कारंजी उडणार. आणि नळात रंगाच्या पुरचुंड्या ठेवल्या की रंगीत पाणी. केशव भवनात तर कहर. तो पावसाचा महाल. छपरावरच्या पोकळीत गोळे ठेवलेले, पाणी सोडलं की ते गडगडायचे आणि खाली बसलेल्यांना ढग गरजल्यासारखं वाटायचं, कडेने कारंज्यांचा पाऊस. राजस्थानच्या उन्हात पाऊस पाडून बघायची हौस! सकाळी बांधावरचं लोखंडी चाक, दुपारी खंदक, आणि आता हा हौद. त्या घराण्याचा जीव पाण्यात अडकलेला होता, दुसरं काय.

याच डीगच्या वेशीवर १३ नोव्हेंबर १८०४ ला होळकरांच्या पायदळाची इंग्रजांशी लढाई झाली. इंग्रजांचा सेनापती फ्रेझर तोफेच्या गोळ्याने जखमी होऊन मेला. त्याच डिसेंबरात लेकने डीगचा किल्ला घेतला आणि मग जानेवारीत भरतपूरवर आला. डीगचा किल्ला आम्ही बाहेरूनच पाहिला.

साडेचारला निघालो. आता वारा पाठीशी, वाटलं तासाभरात भरतपूर. पण सूर्य कलला तसं शेतांवरून धुकं उठायला लागलं. कुम्हेरला पावणेसहा झाले आणि रस्ता परत दुधात. मागून ट्रक येतोय हे आवाजावरून कळायचं, कुठून ते कळायचं नाही. भाचा म्हणाला, मी पुढे नाही येणार. मी मनात हुश्श केलं आणि वरकरणी त्याला चार शब्द सुनावले. शेवटी बस. सायकली टपावर, आम्ही खिडकीशी. एकूण पंचाहत्तरच्या आसपास. शंकेखोर, जिंकलात. पुढच्या वेळी घना एक दिवस, डीग दुसऱ्या दिवशी, मधे गांगरसोली.

---

गिअरबदल (बुधवार, सकाळी ७.१५)

२५ चे टायर घेऊन ब्रजमध्ये (मथुरा-भरतपूरच्या या भागात) जाणाऱ्या भाच्याला सलाम. पुढच्या वेळी दोघांनाही आतून पट्टी टाकून द्या, टायर आणि ट्यूबच्या मधे. आणि पंक्चर काढताना काटा सापडला म्हणून थांबायचं नाही, कापसाचा बोळा टायरच्या आतून सगळीकडे फिरवायचा. काटा असेल तिथे कापूस अडकतो. बोट वाचतं.

दिवस कमी असतील त्यांच्यासाठी दुसरा पर्याय: घना सकाळी, दुपारी फत्तेपूर सिक्री. वीस-बावीस किलोमीटर, दिवसाउजेडी परत. पण हा आग्ऱ्याचा महामार्ग आहे, वाहतूक फार. मला डीगचा रस्ता जास्त आवडेल, ट्रॅक्टर धरून.

---

टिपकागद (बुधवार, सकाळी १०.२०)

कापसाची युक्ती लिहून घेतली. फेब्रुवारीची तिकिटं काढली. मुलगी विचारतेय, त्या कारंज्यांमध्ये आपण रंग टाकू शकतो का. नाही सांगितलं.

---

मी_भाचा (बुधवार, रात्री ११.३०)

नवीन सदस्य आहे, फक्त या धाग्यासाठी नाव नोंदवलं. सिंहगडाचं वाक्य मी बोललो होतो, मान्य. पण पाठीच्या आडोशाने कोण चाललं होतं ते मामांनी अर्धंच लिहिलंय. पहिले दहा किलोमीटर ते माझ्या मागे होते. शिवाय बसमध्ये घोरत होते, आणि कुम्हेरच्या पंक्चरवाल्याने दाखवलेली चार भोकं होती त्यातली दोन त्यांच्या ट्यूबला होती.